दूरच्या यंत्राची चोरदिंडी
(नभोवाणीवरील भाषण)



ता. ८ जुलै २०२२ रोजीं पहांटे कॅनडांतील रॉजर्स या दूरध्वनि-कंपनीचें जाळें एकाएकीं बंद पडलें, आणि तिचे एक कोटि वीस लक्षांहून अधिक ग्राहक मुके झाले. घरांतील इंटरनेट गेलें, खिशांतील मोबाईल गेला, दुकानांत कार्डानें पैसे देण्याची इंटरॅक ही व्यवस्था ठप्प झाली; पोलीस अथवा रुग्णवाहिका बोलावण्याचा ९११ हा क्रमांकसुद्धां पुष्कळांना लागेना. टोरोंटो शहरांत त्या रात्रीं ‘द वीकेंड’ या लोकप्रिय गायकाचा जलसा व्हावयाचा होता. तोहि ऐन वेळीं पुढें ढकलावा लागला, कारण ज्या प्रेक्षागारांत तो होता तें रॉजर्सच्याच नांवाचें व रॉजर्सच्याच जाळ्यावर चालणारें!

घडलें होतें तें एवढेंच: जाळ्याच्या गाभ्यांतील सुधारणेचें काम चालू असतां कांहीं राउटरांवरील एक गाळणी काढून टाकली गेली. गाळणी म्हणजे कोणती माहिती पुढें सोडावयाची व कोणती अडवावयाची हें ठरविणारा नियम. ती जातांच माहितीचा लोंढा गाभ्यांतील राउटरांवर आला व ते कोसळले. ही चूक कोणती, हें कळावयास सुमारें चौदा तास लागले. कां लागले, तें पुढें तेथील नियामक मंडळानें करविलेल्या स्वतंत्र चौकशीच्या अहवालांत नमूद आहे. यंत्रांची देखभाल करण्यासाठीं जें निराळें जाळें म्हणून ठेविलें होतें, तेंहि त्याच गाभ्यावर उभें होतें. गाभा पडतांच दूर बसलेले अभियंते आपल्याच यंत्रांपासून तुटले. यंत्रांनीं लिहून ठेविलेल्या नोंदी त्यांना वाचतां येईनात. आणि एकमेकांशीं बोलावें म्हणून जे फोन हातांत होते तेहि रॉजर्सचेच. अखेर दुसऱ्या कंपन्यांचीं सिम-कार्डें त्यांना पोंचवावीं लागलीं.

रात्रीं दोन वाजतां ज्याचा फोन वाजतो, जो उशाशीं ठेविलेला लॅपटॉप उघडतो आणि डोळे चोळीत म्हणतो कीं पलीकडचें यंत्र उत्तर देत नाहीं, असा मनुष्य आज पुण्यामुंबईच्या पुष्कळ घरांत आहे. यंत्र कधीं नव्या मुंबईंत असतें, कधीं सातासमुद्रांपलीकडे. घरांतील मंडळींना हा काय प्रकार आहे तें उलगडत नाहीं. आजचें भाषण कांहींसें त्यांच्यासाठीं, आणि कांहींसें ज्या लहान कचेऱ्या, इस्पितळें व महाविद्यालयें आपलें जाळें आपणच सांभाळतात त्यांच्यासाठीं आहे. विषय आहे कन्सोल सर्व्हर नांवाची एक साधी पेटी, आणि ती कशी बसवावी.

प्रथम अडचण कोठें आहे तें पाहूं. राउटर म्हणजे माहितीच्या नाक्यावरचा शिपाई. आलेलें पाकीट पाहून तें कोणत्या वाटेनें जावयाचें हें तो सांगतो. त्याला पडदा नसतो, कळफलक नसतो. त्याला कांहीं सांगावयाचें तें सामान्यतः त्याच जाळ्यावरून सांगतात. चांगल्या दिवशीं यासारखी सोय नाहीं. परंतु राउटरच बिघडला, किंवा त्याला दिलेली आज्ञाच चुकीची ठरली, म्हणजे ज्या वाटेनें वैद्य यावयाचा ती वाटच आजारी पडते.

म्हणून बहुतेक राउटर, स्विच आणि मोठे सर्व्हर यांच्या अंगावर एक निराळी खांच असते व तिच्यावर ‘कन्सोल’ असें लिहिलेलें असतें. दिसावयास ती पुष्कळदां जाळ्याच्या तारेच्या खांचेसारखीच असते, आणि नवशिके नेमकी तिच्यांतच जाळ्याची तार खुपसतात! वस्तुतः ती अगदीं निराळ्या कुळांतली. तिचें मानक आरएस-२३२ या नांवानें अमेरिकेंत १९६० सालीं प्रथम ठरलें, आणि तिची बोलण्याची रीत त्याहूनहि जुनी, टेलिप्रिंटरची आहे. तारघरांत आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत खडखडणारा टेलिप्रिंटर ज्यांनीं पाहिला असेल त्यांना हें कुळ ओळखीचें वाटेल. १९६३ च्या सुमाराचा टेलिटाइप कंपनीचा ‘मॉडेल ३३’ सेकंदाला दहा अक्षरें छापी, आणि पुढें कित्येक संगणकांनीं त्यालाच आपलें तोंड व कान केलें. आपल्या देशांत तारेची सेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. तारेची रीत मात्र बंद झालेली नाहीं. लिनक्स प्रणालींत या खांचेच्या नांवाचा आरंभ अद्यापि ‘टीटीवाय’ या अक्षरांनीं होतो, आणि तें टेलिटाइपचेंच संक्षिप्त रूप आहे. वेग मोजण्याचा ‘बॉड’ हा शब्दहि बोदो या फ्रेंच तारयंत्रज्ञाच्या नांवावरून आलेला आहे.

ही रीत समजावयास कठीण नाहीं. बोलणें नसतें तेव्हां तारेवर ऋण विद्युद्दाब स्थिर असतो. अक्षर पाठवावयाचें झालें कीं दाब एकदम धन होतो. ऐकणाऱ्याला ती ‘सावध’ म्हणून खूण. त्यामागून अक्षराचे आठ बिट एकामागून एक येतात, आणि शेवटीं तार पुन्हां ऋण होऊन क्षणभर विसावते. म्हणजे एका अक्षराला एकंदर दहा बिट. नेहमीचा वेग सेकंदाला ९,६०० बिटांचा. तेव्हां सेकंदाला ९६० अक्षरें झालीं. आजच्या मानानें ही गोगलगाय खरी. पण या तारेला पत्ता लागत नाहीं, मार्ग लागत नाहीं, नांवांची यादी लागत नाहीं. मधें तिसरा कोणी नाहीं. यंत्राला वीज मिळतांच तें या तारेवर बोलूं लागतें. त्याची मुख्य प्रणाली जागी होण्यापूर्वींच, आणि ती जागी होत नसेल तर कां होत नाहीं हेंहि तें येथेंच सांगतें.

उणीव एकच. ही तार सुमारें पन्नास फुटांपलीकडे भरंवशाची नाहीं. त्यामुळें तिच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी लॅपटॉप घेऊन, यंत्रांच्या त्या गार खोलींत, जमिनीवर बसावें लागतें. यांतून सुटण्यासाठीं कन्सोल सर्व्हर आला. या पेटीच्या एका बाजूस आठ, सोळा किंवा अठ्ठेचाळीस सीरियल खांचा असतात व दुसऱ्या बाजूस जाळ्याची तार. आपण दुरून पेटीशीं बोलावयाचें, आणि पेटीनें तें बोलणें हव्या त्या यंत्राच्या कानांत सांगावयाचें. अमेरिकेंतील ओहायो स्टेट विद्यापीठांत टॉमस फाइन यांनीं याच कामासाठीं जी आज्ञावली लिहिली, तिची माहिती १९९० मध्यें व्यवस्थापकांच्या एका परिषदेंत मांडली गेली. ‘कॉन्सर्व्हर’ या नांवानें ती पुढें पसरली व आजहि विनामूल्य मिळते. मोठ्या यंत्रशाळेनें तयार पेटी विकत घ्यावी हें बरें. पांचसात यंत्रांच्या कचेरीला मात्र एक लहानसा लिनक्स संगणक, यूएसबीवरून सीरियल करणाऱ्या कांहीं तारा आणि ‘कॉन्सर्व्हर’ एवढ्यांत काम भागतें, आणि तेंहि उत्तम.

आतां उभारणी. निम्मे घोटाळे तारेंत होतात. एकाचें तोंड दुसऱ्याच्या कानाशीं आणि दुसऱ्याचें तोंड पहिल्याच्या कानाशीं आलें पाहिजे. तोंडाशीं तोंड जोडलें तर दोघेहि बोलतात आणि कोणीच ऐकत नाहीं. सिस्कोच्या राउटरांबरोबर जी चपटी, बहुधा निळसर तार येते तींत ही अदलाबदल आधींच केलेली असते. परंतु कांहीं कन्सोल सर्व्हर ती अदलाबदल आपल्या पोटांतच करतात व त्यांना साधी सरळ तार लागते. दोन अदलाबदली एकावर एक झाल्या कीं पुन्हां मूळ स्थिति! तेव्हां पेटीबरोबरची पुस्तिका वाचल्याशिवाय तार निवडूं नये. पडद्यावर कांहींच उमटत नसेल तर संशय तारेचा धरावा. भलभलतीं चिन्हें उमटत असतील तर वेगाचा. राउटर बहुधा ९,६०० वर बोलतात, आजचे सर्व्हर पुष्कळदां १,१५,२०० वर. दोहों टोकांना यंत्राच्या नांवाची चिठ्ठी डकवावी. सोळा काळ्या तारांपैकीं कोणती कोणाची हें सहा महिन्यांनीं ब्रह्मदेवहि सांगूं शकणार नाहीं.

यूएसबीच्या तारा वापरणारांस आणखी एक जपणूक हवी. संगणक या तारांना सांपडतील त्या क्रमानें शून्य, एक, दोन असे अंक देतो, आणि पुढच्या वेळीं सुरू होतांना तो क्रम बदलूं शकतो. काल जो तीन क्रमांकाचा राउटर होता तो आज पांच होतो. आणि अंधारांत घाईनें दिलेली ‘बंद हो’ ही आज्ञा भलत्याच यंत्राला जाते. म्हणून अंकावर न विसंबतां तारेंतील चकतीच्या कायम अनुक्रमांकावरून नांव बांधून घ्यावें. लिनक्समध्यें तशी सोय आहे. स्वस्त तारांना पुष्कळदां असा अनुक्रमांकच नसतो. तेथें ती तार कोणत्या खांचेंत खोंवली आहे त्यावरून नांव द्यावें आणि मग ती खांच बदलूं नये.

कन्सोल सर्व्हर म्हणून जुन्या राउटराचाच उपयोग करणारांना एक चमत्कारिक देखावा पाहावयास मिळतो. त्याच्या प्रत्येक खांचेवर, येणाराला ‘नांव सांगा’ असें विचारण्याची व्यवस्था मूळचीच चालू असते. पलीकडचें यंत्रहि तोंड उघडतांच ‘नांव सांगा’ असेंच म्हणतें. हा त्याच्या प्रश्नालाच नांव समजतो आणि विचारतो, ‘संकेतशब्द?’ तें याच्या प्रश्नाला नांव समजतें आणि विचारतें, ‘संकेतशब्द?’ अशा रीतीनें दोघेहि रात्रभर एकमेकांना नाकारीत बसतात, आणि माणसाला मधें शब्द टाकावयास जागा उरत नाहीं. त्यावर उपाय साधा आहे: त्या खांचेनें आपण होऊन कोणालाहि कांहीं विचारूं नये अशी आज्ञा देऊन ठेवावी. सिस्कोच्या यंत्रांत तिला ‘नो एक्झेक’ म्हणतात. तशा यंत्रांत पहिल्या तारेसाठीं २००१, दुसरीसाठीं २००२ असे दारांचे क्रमांक ठरलेले असतात. ज्या दारावर थाप मारावी तें यंत्र ओ देतें.

लिनक्सचे सर्व्हर या तारेवर बोलते करावयाचे तर एकाच ठिकाणीं सांगून भागत नाहीं. यंत्राची मूळ आज्ञावली, प्रणाली चढविणारा कार्यक्रम, प्रणालीचा गाभा आणि शेवटीं प्रवेशाची पाटी, या प्रत्येकास निरनिराळें सांगावें लागतें. एक टप्पा विसरला तर तेवढ्यापुरतें यंत्र मुकें होतें, आणि बिघाड नेमका त्याच टप्प्यांत असावा हा दैवाचा नित्याचा विनोद आहे.

‘ब्रेक’ नांवाच्या खुणेविषयीं दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. एका अक्षराला लागणाऱ्या वेळेहून अधिक काळ तार ‘सावध’ स्थितींत धरून ठेवली कीं ती खूण होते. सन कंपनीचे जुने सर्व्हर ही खूण मिळतांच हातचें काम टाकून स्तब्ध उभे राहत. आणि त्या काळचे कांहीं कन्सोल सर्व्हर, त्यांची वीज जाऊन आली म्हणजे, सर्व तारांवर हीच खूण सोडीत! एका पेटीच्या डुलकीपायीं सोळा धडधाकट सर्व्हर थांबावे, असा तो प्रकार. आजच्या पेट्यांत हा दोष सहसा आढळत नाहीं. तरीहि पेटी कामावर लावण्यापूर्वीं तिची वीज एकदां मुद्दाम काढून पाहावी. सिस्कोचा राउटर सुरू होत असतां हीच खूण दिली तर विसरलेला संकेतशब्दहि ओलांडून आंत जातां येतें. मालकाला हा आधार आहे. तसाच तो चोरालाहि आहे.

यावरूनच पेटीच्या रक्षणाचा प्रश्न उभा राहतो. ज्याच्या हातीं कन्सोल, त्याच्या हातीं यंत्र. सोळा यंत्रांच्या किल्ल्या एका खुंटीवर टांगल्या तर ती खुंटी कोणाच्या दृष्टीस पडावी, हें ठरविलें पाहिजे. पेटीशीं बोलणें टेलनेट या जुन्या रीतीनें होऊं देऊं नये. तींत संकेतशब्द उघड्या पत्रासारखा प्रवास करतो. फिनलंडमधील हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठांत अशीच संकेतशब्दांची चोरी झाल्यावर तातू इलोनेन यांनीं १९९५ मध्यें एसएसएच ही कुलुपबंद रीत काढली, तीच वापरावी. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं. पुष्कळ यंत्रांना, पलीकडचा मनुष्य उठून गेला हें कन्सोलवर कळतच नाहीं. तो निरोप न घेतां गेला तर दार सताड उघडें राहतें, आणि पुढें येणारा कोणीहि त्याच्याच अधिकारानें आंत उभा असतो. कांहीं मिनिटें शब्द न निघाल्यास दार आपोआप लागावें अशी व्यवस्था प्रत्येक यंत्रावर करून ठेवावी.

या पेटीचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण निराळाच आहे. ती ऐकते. कोणी बोलत असो वा नसो, प्रत्येक तारेवर यंत्र जें जें म्हणतें तें ती वेळेसह लिहून ठेवते. यंत्र मध्यरात्रीं कोसळून पुन्हां उभें राहिलें कीं त्याच्या स्वतःच्या नोंदी अनेकदां पुसल्या जातात; परंतु कोसळतांना त्याचे शेवटचे शब्द काय होते तें पेटीच्या वहींत असतें. ‘कॉन्सर्व्हर’मध्यें एकाच वेळीं अनेकांना एकाच यंत्राचें बोलणें पाहतां येतें व लिहितो मात्र एकटा, पुण्याचा अभियंता आज्ञा देत असतां दुसऱ्या गांवचा त्याच्या खांद्यावरून पाहूं शकतो. शिकाऊ माणसाला यासारखी शाळा नाहीं. मात्र पेटीचें घड्याळ बरोबर चालत असावें, आणि वहीची एक प्रत दुसरीकडे जात असावी.

एवढें सर्व यथासांग केलें आणि पेटीची दुसरी बाजू कचेरीच्या नेहमीच्याच जाळ्याला जोडली, तर काय होईल? रॉजर्सचें जें झालें तेंच. रायगडावर महादरवाज्याखेरीज तटबंदींत एक चोरदिंडी बांधलेली आहे. महादरवाजा अडला तरी मनुष्य आंतबाहेर करूं शकावा, हा तिचा हेतु. त्या दिंडीची वाट महादरवाज्यांतूनच काढली असती तर ती बांधणाराला आपण काय म्हटलें असतें? आणि तरीहि, मोठमोठ्या कंपन्यांत हें घडतें. ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आपल्यापैकीं पुष्कळांना आठवत असेल. नऊ वाजून गेल्यावर व्हॉट्सॲप, फेसबुक व इन्स्टाग्राम हीं तिन्ही एकदम गप्प झालीं, तीं सुमारें सहा तास. एका आज्ञेनें फेसबुकच्या यंत्रशाळांना जोडणारें जाळें तुटलें होतें. कंपनीनेंच पुढें सांगितलें कीं नेहमीची वाट आणि आणीबाणीची निराळी वाट, दोन्ही बंद पडल्या होत्या. म्हणून माणसें प्रत्यक्ष यंत्रशाळांत पाठवावीं लागलीं. आणि त्या इमारती परक्यांना शिरतां येऊं नये अशाच बांधलेल्या असल्यामुळें आपल्या माणसांनाहि आंत जाऊन कामाला लागावयास वेळ लागला.

तेव्हां पेटीला स्वतःची वाट द्यावी. पूर्वीं यासाठीं टेलिफोनची तार व मोडेम ठेवीत. आज मोबाईलचें सिम-कार्ड घालतात. तें कार्ड कचेरीला इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीचें असूं नये. मोबाईलच्या जाळ्यांत अशा पेटीला बाहेरून हांक मारतां येईल असा पत्ता बहुधा मिळत नाहीं. म्हणून पेटीनेंच बाहेरच्या एखाद्या ठरलेल्या संगणकाशीं कुलुपबंद मार्ग जोडून तो अखंड धरून ठेवावा, आणि आपण त्या मार्गानें उलट आंत जावें. तो बाहेरचा संगणक आपल्या कचेरींत नसावा हें सांगावयास नकोच. पण सांगितलेलें बरें! विजेचेंहि तसेंच. ज्या यंत्रांची राखण करावयाची त्यांच्याच बटणावर राखणदाराचा दिवा असूं नये. आंत येणाराची ओळख पटविण्यासाठीं पेटी मध्यवर्ती यादीला विचारीत असेल, तर ती यादी न सांपडल्यास चालेल असें एक स्थानिक खातें पेटींतच असावें. फेसबुकच्या वेळीं नांवावरून पत्ता सांगणारी व्यवस्थाहि गेली होती. म्हणून बाहेरच्या संगणकाचा आणि पेटीचा आंकडी पत्ता कागदावर लिहून, तो कागद जबाबदार माणसांच्या घरीं ठेवावा. होय, कागदावर, आणि कुलुपांत.

राहिली परीक्षा. कचेरींत बसून केलेली परीक्षा ही परीक्षाच नव्हे, कारण तेव्हां आपण न कळत महादरवाज्यांतूनच जात असतों. महिन्यांतून एकदां, घरून, दुसऱ्याच कंपनीच्या मोबाईलवरून, आणि पेटीची कचेरींतील जाळ्याची तार काढून ठेवून, प्रत्येक यंत्राला एकदां ओ देण्यास लावावें. कोणी दिली, कोणी दिली नाहीं, हें तारखेसह वहींत लिहावें. जें यंत्र गप्प राहिलें त्याची तार बहुधा मधल्या काळांत कोणीतरी झाडलोट करतांना किंवा दुसरें यंत्र बसवितांना ओढलेली असते. पेटींतलें सिम-कार्ड वर्षानुवर्षें कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाहीं, आणि ज्याचा भरणा झालेला नाहीं असें कार्ड कंपनी यथाकाल बंद करते. तो भरणा कोणीं व कोणत्या तारखेस करावयाचा, तें पेटीच्या झांकणावरच ठळक अक्षरांत लिहून ठेवावें, आणि तो मनुष्य नोकरी सोडून गेला तर तें नांव त्याच दिवशीं बदलावें.